घास, घोट आणि गाठ

‘गिळणे’ हे मराठीतले बदनाम क्रियापद. आपण जेवतो, खातो, चाखतो, भुरकतो, मिटक्या मारतो. ‘गिळा आता’ असे कोणी म्हटले की समजावे, स्वयंपाकघराचा पारा चढला आहे. अपमान गिळायचा, राग गिळायचा, भावाची जमीन गिळायची आणि कोणी विचारले तर मूग गिळून गप्प बसायचे. सगळ्या नकोशा कामांना हेच क्रियापद जुंपलेले. दवाखान्यात मात्र त्याला एकदम मान मिळतो. ‘गिळायला त्रास होतो’ एवढे तीन शब्द ऐकले की जाणता डॉक्टर लिहिता हात थांबवून वर बघतो. या तक्रारीमागे साधी जळजळ असू शकते, तशी अन्ननलिकेतली गाठही असू शकते. आणि ती गाठ नेहमीच्या कॅन्सरची असेल किंवा एखाद्या क्वचित आढळणाऱ्या, निराळ्याच जातीची. रोगी क्रियापद घेऊन येतो आणि तपासण्या संपल्या की त्याच्या फायलीत एक नाम लिहिलेले असते. या दोहोंच्या मधल्या शब्दांची ही चर्चा.

संस्कृतात ‘गॄ’ हा धातू आहे. त्याची रूपे ‘गिरति’ आणि ‘गिलति’ अशी दोन्ही होतात. आपले ‘गिळणे’ दुसऱ्या रूपावरून आले. या धातूचे गोत मोठे आहे. अजाला, म्हणजे बोकडाला, गिळतो तो अजगर. ‘तिमि’ नावाच्या थोरल्या माशालाही गिळणारा तो तिमिंगिल. ‘गर’ म्हणजे प्यायची वस्तू, मग विषारी पेय, आणि त्यावरून गरळ. मूळ अर्थ गिळण्याचा, पण मराठीत गरळ कोणी गिळत नाही, सगळे ओकतात. गंमत आहे ती ‘उद्गार’ची. गिळलेले ‘उद्’ म्हणजे वर येणे, तो उद्गार. आयुर्वेदात उद्गार म्हणजे ढेकर. तोच शब्द पुढे तोंडातून बाहेर पडणाऱ्या शब्दांना लागला आणि आज शाळेतली मुले ढेकरेचे चिन्ह वाक्याच्या शेवटी देतात, हे त्यांच्या बाईंनाही माहीत नसते.

‘घास’ आणि ‘ग्रास’ हे दिसायला जुळे, पण मुळात वेगळे. घास हा ‘घस्’ म्हणजे खाणे या धातूकडचा; गुरांच्या लसूणघासातही तोच आहे. ग्रास हा ‘ग्रस्’कडचा, आणि ग्रस्मध्ये बकाबका गिळून टाकण्याचा भाव आहे. म्हणून सूर्य पुरता गिळला गेला की ग्रहण खग्रास, थोडा गिळला गेला की खंडग्रास. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळला गेलेला. रोगग्रस्त, पूरग्रस्त, कर्जग्रस्त हे शब्द आपण सरकारी अर्जांत इतके वापरले की त्यांतला जबडा आता दिसेनासा झाला. अन्ननलिकेच्या रोग्याची अवस्था या एका शब्दात आहे: ज्याला घास गिळता येत नाही, तोच ग्रस्त.

वैद्यकशास्त्रात या तक्रारीला ‘डिस्फेजिया’ म्हणतात. ग्रीकमधला ‘डिस’ म्हणजे आपला ‘दुस्’ किंवा ‘दुर्’. दुर्जन, दुष्काळ यांतला. ‘फागेइन’ म्हणजे खाणे. हे ग्रीक क्रियापद आणि संस्कृत ‘भज्’ एकाच मुळाची मानली जातात. मूळ अर्थ वाटा मिळणे. आपल्याकडे त्या मुळावरून भाग, भाग्य, भक्त, भगवान असे थोरामोठ्यांचे शब्द निघाले. ग्रीकांकडे वाटा म्हणजे जेवणातला वाटा, म्हणून अर्थ ‘खाणे’ झाला. तेव्हा डिस्फेजिया आणि दुर्भाग्य हे शब्द एकाच जोडीचे दोन अवतार आहेत. डॉक्टरी शब्द जड वाटला तर एवढी ओळख पुरे.

आता रोग्याचे शब्द. मराठीत गिळण्याच्या अडचणीला एक शब्द नाही, पाच-सहा आहेत, आणि प्रत्येकाचा रोख वेगळा आहे. ‘घास अडकतो’ म्हणजे घास तोंडातून खाली गेला आणि वाटेत थांबला. ‘ठसका लागतो’ म्हणजे घास वाट चुकून श्वासनलिकेकडे वळला. अडचण घशातच, गिळण्याच्या पहिल्या पायरीवर आहे, आणि पाणी पिताना नाकातून येत असेल तर नसांच्या किंवा स्नायूंच्या दुखण्याचाही विचार करावा लागतो. ‘घशाशी येतं’ म्हणजे खाली गेलेले परत वर आले. ‘गिळताना दुखतं’ ही तक्रार पुन्हा निराळी. ‘गिळता येत नाही’ आणि ‘गिळवत नाही’ यांतला फरक तर मराठी व्याकरणाचा दागिना आहे. गिळता न येणे हा वाटेचा दोष. ‘गिळवत नाही’ या शक्य प्रयोगात वेदना असू शकते, किळस असू शकते, मन नसणे असू शकते; आई आजारी असताना मुलाला घास गिळवत नाही, त्याची अन्ननलिका ठणठणीत असते.

आणि ‘आवंढा’. आवंढा म्हणजे ज्यात अन्न नाही असे गिळणे. हा शब्द निदानाच्या फार कामाचा आहे. काही माणसांना सतत घशात गोळा असल्यासारखे वाटते; लॅटिनमध्ये गोळ्याला ‘ग्लोबस’ म्हणतात आणि या तक्रारीलाही वैद्यकात तेच नाव आहे. असा माणूस विचारल्यावर सांगतो की आवंढा गिळताना गोळा जाणवतो, पण जेवायला बसले की काही नाही, भाकरी सुरळीत जाते. खरी अडचण याच्या नेमकी उलट वागते: आवंढा जातो, भाकरी अडते.

भाकरीवरून आठवले. गिळण्याचा त्रास किती आहे हे मोजायला डॉक्टर ० ते ४ अशी श्रेणी वापरतात: ० म्हणजे सगळे खाता येते, ४ म्हणजे थुंकीही गिळता येत नाही. महाराष्ट्रातल्या ताटात ही श्रेणी आयतीच मांडलेली आहे. पहिल्यांदा ज्वारीची भाकरी अडते. मग माणूस ती आमटीत कुस्करून खातो. पुढे चपाती अडते. मग वरणभात, तोही घोटभर पाण्याने ढकलत. मग गुरगुट्या भात, पेज, शेवटी दूध आणि चहा. घरचे म्हणतात, ‘वय झालं, मऊ खा.’ पंगतीला बसणे बंद होते, जेवायला पाऊण तास लागतो, कंबरेची पट्टी दोन भोके आत जाते. आणि हे सगळे इतके हळूहळू होते की तक्रार म्हणून कोणी सांगतच नाही. घन पदार्थांपासून सुरू होऊन पातळ पदार्थांपर्यंत उतरत जाणारा त्रास वाट अरुंद होत चालल्याची खूण असतो. याउलट पहिल्या दिवसापासून भाकरीही अडते आणि पाणीही अडते असे कोणी सांगितले, तर बहुधा वाट मोकळी असून तिची हालचाल बिघडलेली असते. केसपेपरवर या दोन्ही रोग्यांपुढे ‘डिस्फेजिया’ एवढेच लिहिले तर हा सगळा मजकूर पुसला जातो.

एका बाबतीत मात्र रोग्याचा शब्द चकवतो. मराठीत घसा आतला, गळा बाहेरचा. घसा बसतो, गळ्यात माळ घालतात. ‘घशात अडकतं’ म्हणून माणूस कंठाच्या खळगीवर बोट ठेवतो, आणि अडथळा प्रत्यक्षात जठराच्या तोंडाशी सापडतो. खालच्या टोकाचा अडथळा वर जाणवणे नेहमीचे आहे. म्हणून ‘काय होतं’ हे रोग्याकडून ऐकावे, ‘कुठे’ हे तपासून ठरवावे.

तपासायचे साधन म्हणजे एन्डोस्कोप. आपल्याकडे लोक ‘तोंडातून दुर्बीण घातली’ म्हणतात. दुर्बीण फारसीतून आली: ‘दूर’ आणि ‘बीन’, म्हणजे लांबचे पाहणारी. पोटात शिरून बोटभर अंतरावरचे पाहणाऱ्या नळीला हे नाव चिकटावे, हा भाषेचा खोडसाळपणा. १८६८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावी आडोल्फ कुसमाउल या डॉक्टराने अशी सरळ, ताठ नळी पहिल्यांदा माणसाच्या अन्नमार्गात घातली, तेव्हा त्याने माणूस निवडला तो तलवार गिळून दाखवणारा खेळकरी. दुसरी तपासणी बेरियमची. ‘पांढरं औषध पाजून फोटो काढला’ ती. बेरियम हे नाव ग्रीक ‘बारुस’ म्हणजे जड यावरून पडले, आणि हा बारुस म्हणजे आपल्या ‘गुरु’चा सख्खा भाऊ. तिसरी तपासणी बायोप्सी. तिला मराठीत ‘तुकडा काढला’ म्हणतात. ‘तुकडा पुण्याला पाठवलाय’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, तिथे त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

तुकड्यात जे सापडते त्याला घरचे म्हणतात ‘गाठ’. संस्कृत ‘ग्रन्थि’चे हे रूप, आणि मराठीने त्याचा संसार केवढा वाढवला! लग्नाची गाठ, पाडव्याच्या साखरगाठी, निरगाठ, खूणगाठ, गाठीशी चार पैसे, गाठोडे, अचानक पडलेली गाठ. ‘ग्रंथ’सुद्धा याच मुळाचा. ‘ग्रंथी’ला मात्र आधुनिक मराठीने स्राव पाझरणाऱ्या अवयवाचे काम दिले. ‘गंड’ हा दुसरा जुना शब्द, सुजेचा: गलगंड आणि गंडमाळा त्यावरूनच. पुढे मनातल्या सुजेला नाव हवे झाले तेव्हा मराठीने हाच गंड काढून न्यूनगंड आणि अहंगंड घडवले. तिसरा ‘अर्बुद’. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड एकाच अध्यायात येतात. अर्बुद गोल, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे, असे तिथले वर्णन आहे. पहिल्या अर्बुदावर दुसरे आले तर त्याला अध्यर्बुद असे स्वतंत्र नाव. मांसाचे ते मांसार्बुद, मेदाचे ते मेदोर्बुद. ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस म्हणून सार्कोमा, ‘लिपोस’ म्हणजे चरबी म्हणून लायपोमा. घडण सारखी आहे. म्हणून रोगही तेच होते असे समजू नये.

त्याच सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या अध्यायात घशाच्या एका विकाराचे नाव आहे ‘गिलायु’. नावातच गिळणे आहे. आवळ्याच्या बीएवढी, न हलणारी, फारशी न दुखणारी गाठ. तिच्यामुळे घास अडकून राहिल्यासारखा वाटतो. आणि ती शस्त्राने बरी होते, असे तिथे सांगितले आहे. आजच्या कोणत्या रोगाशी हिची सांगड घालायची, यावर वाद घालता येईल. पण ‘घास अडकल्यासारखा वाटतो’ ही तक्रार कालची असावी इतकी ताजी आहे.

युरोपात गाठीला खेकडा भेटला. हिपोक्रेटिसच्या परंपरेत ‘कार्किनोस’, लॅटिनमध्ये ‘कॅन्सर’. गाठीभोवती फुगलेल्या शिरा गॅलनला खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. आपण त्याचे भाषांतर ‘कर्करोग’ असे केले. अन्ननलिकेतल्या घातक गाठी बहुतेक दोनच जातींच्या असतात: खवल्यांसारख्या चपट्या पेशींची आणि ग्रंथींच्या पेशींची. भारतात पहिली जात अधिक, आणि तंबाखू व दारू तिची जुनी सोबती. या दोन्ही जाती अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरातून उगवतात, त्यामुळे दुर्बिणीला दिसतात आणि चिमट्याने तुकडा मिळतो. खरा पेच पडतो तो उरलेल्या मोजक्या गाठींचा. त्यांची नावेही पेच घालणारी.

‘लायोमायोमा’ घ्या. ‘लायोस’ म्हणजे गुळगुळीत, शेवटचा ‘ओमा’ गाठीचा, आणि मधला ‘मूस’ म्हणजे चक्क उंदीर. आपल्या मूषकाचा भाऊबंद. कातडीखाली हलणारा स्नायू ग्रीकांना आणि रोमनांना उंदरासारखा वाटला; लॅटिन ‘मस्क्युलस’ म्हणजे उंदराचे पिल्लू. आपल्या पोरांना तिथे बेडूक दिसला: दंड फुगवून ती ‘बेडकुळी’ दाखवतात, काही घरांत ‘बेटकुळी’. लायोमायोमा ही अन्ननलिकेच्या भिंतीतल्या स्नायूची निरुपद्रवी गाठ. तिथल्या निरुपद्रवी गाठींत सर्वांत जास्त आढळणारी. ती अस्तराच्या खाली असते. दुर्बिणीतून फक्त एक गुळगुळीत फुगवटा दिसतो, वरचे अस्तर निरोगी. चिमट्याने तुकडा घेतला तर निरोगी अस्तरच हाती लागते आणि अहवालात ‘काही आढळले नाही’ असे येते. शिवाय त्या जागी व्रण धरला तर पुढे गाठ सोलून काढणे अवघड होते. म्हणून असा फुगवटा दिसला की अनुभवी डॉक्टर चिमटा आवरतात आणि दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीने भिंतीचे थर पाहतात.

तशीच दिसणारी दुसरी गाठ म्हणजे ‘स्ट्रोमल ट्यूमर’. ‘स्ट्रोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये बिछाना. संस्कृतात त्याच मुळाचा ‘स्तृ’ म्हणजे पसरणे, त्यावरून आस्तरण, आणि आस्तरणाचे मराठी रूप अंथरूण. म्हणजे ही अंथरुणाची गाठ. फक्त अंथरूण पाहून पाय पसरायची रीत तिला ठाऊक नसते. जठरात ती जास्त, अन्ननलिकेत क्वचित. पूर्वी अशा पुष्कळ गाठी स्नायूच्याच समजून नोंदल्या गेल्या. १९८३ साली स्ट्रोमल हे नाव पुढे आले. १९९८ साली जपानी संशोधकांनी त्यांच्यातला ‘किट’ जनुकाचा बिघाड दाखवला. २००२ साली अमेरिकेत इमॅटिनिब हे औषध त्यांच्यासाठी मंजूर झाले. आज तुकड्यावर रंगद्रव्याच्या चाचण्या करून दोघींना वेगळे काढतात: स्नायूची गाठ डेस्मिन दाखवते, अंथरुणाची गाठ किट आणि ‘डॉग-१’. या डॉगचा कुत्र्याशी संबंध नाही; ‘याच गाठींत सापडलेले’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. पण नाव चुकले तर औषध चुकते, हा मुद्दा गमतीचा नाही.

नावे चुकलेली आणखीही उदाहरणे आहेत. १९२६ साली अब्रिकोसॉफ या रशियन रोगनिदानतज्ज्ञाने एका दाणेदार पेशींच्या गाठीला स्नायूच्या कोवळ्या पेशींची गाठ असे नाव दिले. पुढे ती नसांच्या आवरणाच्या पेशींतून येते असे दिसले, आणि आता तिला नुसते ‘दाणेदार पेशींची गाठ’ म्हणतात. अन्ननलिकेत ती दुर्बिणीतून पिवळसर पांढरी, दाढेसारखी दिसते, आणि बहुधा निरुपद्रवी असते. ‘पॉलिप’ म्हणजे अनेक पायांचा. पण अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला लोंबणाऱ्या राक्षसी पॉलिपला पाय एकच, लांबलचक देठ. तो एखाद्या उबळीबरोबर चक्क तोंडात येतो आणि रोगी तो परत गिळतो. क्वचित तो श्वासाच्या वाटेवर बसून जीवही घेतो. वरून निरोगी अस्तराचे पांघरूण असल्याने दुर्बीण त्याच्या शेजारून निघून गेल्याचीही उदाहरणे आहेत. तोंडात मांसाचा गोळा येतो असे सांगणाऱ्या माणसाला वेड्यात काढायचा मोह अशा वेळी आवरला पाहिजे. शतकभर तो तंतूंचा आणि रक्तवाहिन्यांचा पॉलिप म्हणून ओळखला गेला. अलीकडे जनुकांची तपासणी सुरू झाल्यावर त्यांतले बरेचसे चरबीचे सार्कोमा निघाले.

काही वेळा गाठ नसतेच, आणि सोंग मात्र गाठीचे असते. अठराव्या शतकात लंडनच्या डेव्हिड बेफर्डने एका बाईच्या छातीत भलत्याच वाटेने जाणारी रक्तवाहिनी अन्ननलिकेला दाबताना पाहिली आणि तिला निसर्गाचा खेळ म्हटले. लॅटिन ‘लुसुस’ म्हणजे खेळ, म्हणून या त्रासाचे नाव ‘डिस्फेजिया लुसोरिया’. आपल्याकडे क्षयाने छातीतल्या गंडमाळा फुगून बाहेरून अन्ननलिका दाबतात, आणि क्षयाच्या गोळ्यांनी घास उतरू लागतो. उलट ‘अकॅलेशिया’, म्हणजे सैल न पडणे, यात जठराचे तोंड उघडत नाही. इंग्लंडच्या थॉमस विलिसचा असा एक रोगी, १६७४ सालच्या ग्रंथात नोंदलेला, टोकाला स्पंज बांधलेल्या देवमाशाच्या हाडाने प्रत्येक जेवण खाली ढकलून वर्षानुवर्षे जगला. पण उतारवयात, थोड्या महिन्यांत आणि झपाट्याने वजन उतरून अकॅलेशिया झाला असे दिसले, तर त्याच जागी दडलेली गाठ अकॅलेशियाचे सोंग घेऊन बसलेली नाही ना, हे शोधावे लागते.

या सगळ्या नावांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट कळते. गाठीची नावे म्हणजे त्या त्या काळी ज्याला जे दिसले ते: कोणाला खेकडा, कोणाला उंदीर, कोणाला बिछाना. नवी तपासणी आली की नाव बदलते, कधी पार उलटते, आणि ते पुढेही बदलेल. रोग्याचे क्रियापद मात्र गिलायुपासून आजवर तेच आहे: घास अडकतो. म्हणून विद्यार्थी-डॉक्टरांना एवढेच सांगणे की केसपेपरवर ‘डिस्फेजिया’ लिहाच, पण त्याच्या आधी रोग्याचे वाक्य त्याच्याच मराठीत लिहा. काय अडते, कधीपासून अडते, आणि अडते की दुखते, हे त्यात असते. आणि वाचकहो, तुमच्या घरात कोणी भाकरी कुस्करून खाऊ लागले असेल, घासागणिक पाणी पीत असेल, वजन उतरत असेल, तर वयाला दोष देत बसू नका. दोन-तीन आठवड्यांहून जास्त घास अडकत असेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या; आणि तुकड्यात काही आढळले नाही, पण घास अडतोच आहे, तर पुन्हा जा आणि तसे स्पष्ट सांगा.